वळसा घेऊन आलेली लहर

एकदा एका शिष्येने आपल्या वृद्ध गुरूंना फोन लावला आणि नमस्कारही न करता म्हणाली, "सर, माझं यंत्र खोटं बोलतंय. आता मला वेड लागायचं तेवढं बाकी आहे."

गुरूंचे नाव मुकुंदराव आंबर्डेकर. तरुणपणी ते पोलिसांच्या बिनतारी खात्यात होते, पुढे तंत्रनिकेतनात शिकवू लागले आणि निवृत्त होऊनही त्यांना अठरा वर्षे झाली होती. शिष्येचे नाव शलाका धोत्रे. हुशार, मेहनती आणि अतिशय उतावीळ. चूक समोर दिसली की ती आधी चिडायची आणि मग विचार करायची.

"कुठलं यंत्र?" सरांनी विचारले.

ती सांगू लागली. नदीकाठच्या एका गावी स्मृती हरवत चाललेल्या वृद्धांसाठी एक निवासगृह होते. इमारत जुनी, दगडी, लांबलचक. तिथे राहणारे बेचाळीस जण. त्यांतले काही जण बोलता बोलता उठून चालू लागत आणि आपण कुठे निघालो होतो हे त्यांनाच आठवत नसे. म्हणून शलाकाने प्रत्येकाच्या मनगटाला एक हलका पट्टा बांधला होता आणि भिंतींवर सहा रिसीव्हर बसवले होते. पट्टा क्षणोक्षणी एक रेडिओलहर सोडायचा. ती रिसीव्हरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळायचे. तीन-चार रिसीव्हरांची अंतरे जुळवली की पडद्यावर एक निळा ठिपका उमटायचा. ठिपका जिथे, माणूस तिथे.

"आठ महिने चाललं होतं सर. आणि गेल्या मंगळवारी मालनबाईंचा ठिपका गेला कुंपणाबाहेर. पाण्याच्या टाकीपाशी."

"मग?"

"मग काय! सगळे टाकीकडे धावले. झाकण काढून आत पाहिलं. नदीपर्यंत माणसं पाठवली. दोन तास! आणि बाई होत्या चादरींच्या खोलीत. कपाटामागे पाय घसरून पडलेल्या. मनगट मोडलं. ओरडून ओरडून घसा बसला होता त्यांचा, आणि आम्ही सगळे बाहेर हाका मारत फिरत होतो."

"मनगट मोडल्यावर पट्टा कुठे बांधला?" सरांनी विचारले.

"दुसऱ्या हाताला. सर, मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय?"

"ऐकतोय मी. पुढे सांग."

पुढचे सांगताना शलाकाचा आवाज चढत गेला. त्या प्रसंगानंतर तिने आणखी पाच रिसीव्हर बसवले, तेही सगळे चादरींच्या खोलीच्या रोखाने. एका मोजणीऐवजी शंभर मोजण्यांची सरासरी काढली. चार रात्री नीट झोपली नाही. एवढे करून स्वतः पट्टा बांधून त्याच कपाटामागे जाऊन बसली, तर ठिपका पुन्हा टाकीपाशीच. किंबहुना आता तो आधीपेक्षा अधिक ठाम, अधिक स्थिर आणि आणखी दोन हात लांब. संस्थेच्या डॉक्टरांनी तिला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. तोवर दुरुस्त झाले नाही तर पट्टे काढून टाकायचे आणि दारांना कुलपे लावायची.

"कुलपं लावली तर ती माणसं दिवसभर एका हॉलात कोंडली जातील, सर. ते मला होऊ द्यायचं नाही. तुम्ही याल का?"

सर आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि भाजलेले शेंगदाणे. शलाकाला वाटले होते, आल्या आल्या ते संगणकाजवळ बसतील. ते बसले व्हरांड्यात, आणि मालनबाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या. त्यानंतर रेबेका सिस्टरांकडे चहा मागितला. सिस्टर या निवासगृहाच्या मुख्य परिचारिका. त्यांना या यंत्राचे नाव काढलेले खपत नसे.

"आजोबा, तुम्ही ते दुरुस्त करायला आलात ना?" चहाचा कप ठेवत सिस्टर म्हणाल्या. "एकच सांगते. मला यंत्र नको असं नाही. पण ते चुकलं तर गप्प बसू दे. चुकीच्या जागी बोट दाखवतं, आणि माझ्या कामावरच्या सगळ्या बायका तिकडे धावतात. त्यापेक्षा मी खोली खोली शोधली असती तर वीस मिनिटांत सापडल्या असत्या."

"बरोबर आहे," सर म्हणाले, आणि शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढे केली.

शलाका दाराशी उभी राहून घड्याळ पाहत होती. तिचा अकरा रिसीव्हरांचा आराखडा तयार होता, आलेख तयार होते, प्रश्नांची यादी तयार होती. सरांनी त्यातले काहीही पाहायला मागितले नाही. जेवण झाल्यावर त्यांनी तिचा पट्टा आपल्या हाताला बांधला, चादरींच्या खोलीत जाऊन कपाटामागे एक स्टूल टाकून बसले आणि तिथून ओरडून म्हणाले, "एकेका रिसीव्हरचा आकडा वाच. सरासरी नको. एकेक."

तिने अकरा आकडे वाचले.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले. असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी ती म्हणाली, "सर, आकडे तेच आहेत! माझ्याकडे सगळे साठवलेले आहेत, तुम्हाला छापून देते. या वाचनाने काय होणार आहे?"

सर बाहेर आले. काही न बोलता शिडी मागवली, आणि एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस स्वतः शिडीवर चढू लागला. शलाकाने घाबरून शिडी धरली. सरांनी एका रिसीव्हरची वायर उपटली. मग पुढच्या. मग त्याच्याही पुढच्या.

"सर, अहो काय करताय! ते पाच मी याच आठवड्यात बसवलेत!"

सरांनी पाचही नवे रिसीव्हर बंद केले आणि जुन्यांतलेही तीन. अकरांपैकी तीन उरले. एक खोलीच्या दारावरचा, एक जिन्याच्या खिडकीतला आणि एक समोरच्या व्हरांड्यातला. मग ते पुन्हा कपाटामागे जाऊन बसले.

शलाकाने पडद्याकडे पाहिले. ठिपका टाकीपासून निघून भिंतीच्या आत आला आणि कपाटामागे येऊन थांबला. अगदी स्टुलावर.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिच्या तोंडून निघाले ते असे : "म्हणजे माझी सगळी मेहनत चुलीत."

"थांब," सर आतून म्हणाले, "आता मी जेवणघरात जातो."

ते जेवणघरात गेले, खांबाला टेकून बसले आणि ठिपका गेला स्वयंपाकघराच्या मागच्या गल्लीत. सहा हात बाहेर. मघाशी अचूक बोलणारे तेच तीन रिसीव्हर आता चुकत होते. सरांनी बंद केलेल्यांपैकी दोन परत जोडले, दोन बंद केले, ठिपका पुन्हा खांबापाशी आला.

आता मात्र शलाकाचा संयम संपला. तिने संगणकाचे झाकण मिटले.

"हे काय चाललंय, सर? मघाशी जे खोटे होते ते आता खरे, आणि मघाशी खरे होते ते आता खोटे. बेचाळीस माणसं दिवसभर फिरतात इथं. प्रत्येकासाठी मी शिडी घेऊन वायरी काढत-घालत बसू? नक्की कुठला रिसीव्हर खराब आहे एवढंच सांगा ना!"

सर पायरीवर बसले. तिलाही बसायची खूण केली.

"एकही खराब नाही," ते म्हणाले. "आणि खोटं तर कुणीच बोललेलं नाही. तू लहरीला विचारतेस, माणूस किती दूर आहे? तिला ते ठाऊकच नाही. तिला ठाऊक आहे ते एवढंच, की आपण किती चाललो. समोर लोखंडी कपाट आलं, तिला सरळ जाता आलं नाही. ती भिंतीवर आपटून, छतावर आपटून, वळसा घेऊन पोहोचली आणि तिने प्रामाणिकपणे सांगितलं, मी नऊ मीटर चालले. तू त्याचा अर्थ लावलास, माणूस नऊ मीटरवर आहे. माणूस होता पाच मीटरवर."

शलाकाने मिटलेला संगणक पुन्हा उघडला.

"आता तुझ्या सरासरीचं बघ. एखादी चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असेल, तर सरासरीने ती जाते. ही चूक तशी नाही. आडोसा आला की लहर उशिराच येते. लवकर येण्याचा काही मार्गच नाही तिला. सगळे आकडे एकाच बाजूला झुकलेले, मग शंभरांची सरासरी घे की हजारांची. आणि पाच नवे रिसीव्हर लावलेस ते सगळे त्याच कपाटाच्या त्याच बाजूला. पाचही जणांनी मिळून बाईंना ढकललं भिंतीबाहेर. एकमत झालं म्हणून तू विश्वास ठेवलास. पण ते पाचजण एकाच कपाटाआडून बघत होते."

"मग ओळखायचं कसं?" शलाकाचा आवाज आता खाली आला होता. "पट्ट्याला डोळे नाहीत. रिसीव्हरला डोळे नाहीत. मध्ये कपाट आहे हे त्याला कोण सांगणार?"

"सहा वेळा आकडे कशाला वाचायला लावले असं विचारत होतीस ना? तुझेच कागद आण. दाराच्या रिसीव्हरचे सहा आकडे बघ आणि नव्या पाचांतल्या एखाद्याचे सहा बघ."

तिने पाहिले. दाराच्या रिसीव्हरचे आकडे एकमेकांपासून बोटभर सरकले होते. नव्याचे हातभर इकडेतिकडे नाचत होते. तिच्या नजरेतून ते सुटले होते असे नाही. सरासरी काढताना तिने ते नाचणे स्वतःच पुसून टाकले होते.

"ही एक खूण," सर म्हणाले. "दुसरी लहरीच्या पहिल्या ठोक्यात आहे. सरळ आलेली लहर पहिल्याच ठोक्याला स्पष्ट असते. वळून आलेलीचा पहिला ठोका दबका, आणि मागून पडसादांचा गलका. तुझं यंत्र ते सगळं टिपतं, तू फक्त वेळ उचलतेस आणि बाकीचं फेकून देतेस. आणखी एक गोष्ट. बाई पडल्या तेव्हा हात कुठे होता त्यांचा?"

"अंगाखाली. तो हात अंगाखालीच दुमडला होता."

"म्हणजे कपाट नसतं तरी आडोसा होताच. त्यांच्या स्वतःच्या देहाचा. माणूस जिकडे वळेल तिकडे आडोसा वळतो. म्हणून कुठला रिसीव्हर खराब, हा प्रश्नच सोडून दे. प्रत्येक आकडा आला की आधी त्याला विचार, तू सरळ आलास की वळून? सरळ आलेल्याला मान दे. वळून आलेल्याला हाकलू नकोस, त्याचं म्हणणं एवढंच धर की माणूस याहून लांब नाही. आणि सगळेच वळून आले असतील, तर तसं कबूल कर."

"कबूल म्हणजे?"

"ठिपका काढू नकोस. ठिपका ही फार मोठी बढाई आहे. एक मोठं वर्तुळ काढ आणि म्हण, मला नीट दिसत नाही, पण याच्या आत कुठेतरी आहे. सकाळी ती सिस्टर काय म्हणाली, ऐकलंस का तू?"

शलाकाने ऐकले होते. पण त्या वेळी ती घड्याळ पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सर गेले. शलाका राहिली. पुढचे नऊ दिवस तिने जे काम केले ते मागच्या कामापेक्षा कंटाळवाणे होते. प्रत्येक खोलीत, प्रत्येक खांबामागे, प्रत्येक कपाटाच्या दोन्ही बाजूंना पट्टा बांधून उभे राहायचे, बसायचे, हात अंगाखाली घेऊन झोपायचे आणि लहर सरळ आली की वळून, याच्या खुणा नोंदवायच्या. झाडणाऱ्या मावशी तिला ओलांडून जात आणि आपसांत हसत. दोनदा तिचा हिशेब पूर्ण फसला, कारण माशांच्या मोठ्या काचपेटीतल्या पाण्यानेही लहर अडते हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. तिने वही भिरकावली, उचलून आणली आणि पुन्हा सुरुवात केली. दहाव्या दिवशी पडद्यावर दिसू लागले ते काही निळे, स्पष्ट ठिपके आणि काही फिकट वर्तुळे. डॉक्टरांना ती वर्तुळे आवडली नाहीत.

"आधी निदान नेमकी जागा तरी दाखवायचं," ते म्हणाले. "आता हा फुगा दाखवतं."

शलाकालाही तो फुगा कमीपणाचाच वाटत होता.

बाराव्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी मालनबाई जागेवर नव्हत्या. त्यांना मधुमेह होता, आणि त्या दिवशी इन्सुलिन घेऊन त्या धड जेवल्याही नव्हत्या. रेबेका सिस्टर धावत पडद्यापाशी आल्या. पडद्यावर मोठे फिकट वर्तुळ होते. त्यात धुण्याची खोली, जिन्याखालची जागा आणि मागचा बोळ असे तिन्ही येत होते. खाली लिहिले होते : चार रिसीव्हरांना आडोसा.

"माफ करा, सिस्टर," शलाका म्हणाली. "मला याहून नेमकं सांगता येत नाही."

"याच्या बाहेर तर नाहीत ना?"

शलाकाने आकडे पुन्हा पाहिले. सगळे वळून आलेले. म्हणजे खरे अंतर याहून कमीच असणार, जास्त असूच शकत नव्हते.

"नाही. बाहेर नाहीत."

"मग बास झालं!" सिस्टर म्हणाल्या आणि तीन मावशांना तीन ठिकाणी पाठवले. टाकीकडे कोणी धावले नाही. नदीकडे कोणी गेले नाही. जिन्याखाली जुन्या लोखंडी खाटा रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे, भिंतीला टेकून, घामाने भिजलेल्या मालनबाई अर्धवट शुद्धीत बसल्या होत्या. सिस्टरांनी त्यांच्या हिरड्यांना साखर चोळली, मग त्या सावध झाल्यावर घोट घोट साखरेचे पाणी पाजले. शोध सुरू झाल्यापासून त्या सापडेपर्यंत सहा मिनिटे गेली होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली. कुलपांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शलाकाने सरांना फोन लावला. चार रिसीव्हरांना आडोसा कसा होता, पहिले ठोके किती दबके होते, वर्तुळ किती मीटरचे आले आणि खाटांची जाळी लक्षात घेतली तर ते आणखी कसे लहान करता येईल, हे ती एका दमात सांगत सुटली.

सरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई कशा आहेत?"

"ठीक असतील. सिस्टर आहेत त्यांच्याजवळ."

"असतील? तू कुठे आहेस?"

"संगणकापाशी."

"त्या कुठे आहेत?"

"शेजारच्या खोलीत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?" असे म्हणून सरांनी फोन ठेवून दिला.

शलाकाला सरांचा राग आला, आणि मग तो ओसरला. ती शेजारच्या खोलीत गेली. मालनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. एक मनगट प्लास्टरमध्ये, दुसऱ्याला पट्टा. शलाकाने खुर्ची ओढली. आठ महिन्यांत ती त्यांच्यासमोर अशी बसली नव्हती.

"आजी, तुम्ही तिथं खाटांच्या मागे का जाऊन बसला होता?"

मालनबाईंनी तिच्याकडे पाहिले. त्यांना पुष्कळ गोष्टी आठवत नसत, मुलाचे नावही कधी कधी हुकायचे, पण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते.

"त्या हॉलात टीव्ही केवढा मोठ्यानं लावत्यात गं! डोकं भणभणतं नुसतं. मी आपली गप जागा बघते जरा. चादरीच्या खोलीत बरं वाटतंय, पर तितनं समदी ओढून बाहेर काढत्यात."

"मग कुणाला सांगायचं ना, आवाज कमी करा म्हणून?"

"इचारलंय कुणी?" मालनबाई म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांनी हॉलाकडे वळून पाहिले. चादरींची खोली, जिन्याखालची जागा, मागचा बोळ. मालनबाईंच्या आठ महिन्यांच्या सगळ्या वाटा शलाकाच्या संगणकात जपून ठेवलेल्या होत्या आणि त्या तिथे का जातात, हे जाणून घ्यायला एक खुर्ची पुरली होती.

दुसऱ्याच दिवशी मागच्या व्हरांड्यात, जिथे ऊन येते आणि हॉलाचा आवाज पोहोचत नाही, तिथे सिस्टरांनी एक आरामखुर्ची ठेवली. पण ती पुढची गोष्ट. त्या संध्याकाळी परत निघण्यापूर्वी शलाका हॉलात गेली, कोणालाही न विचारता तिने टीव्हीचा आवाज खाली आणला, आणि कोपऱ्यात कान झाकून बसलेल्या एका आजोबांनी हळूहळू कानांवरचे हात काढले.